स्टिकर खरडून निघत नाही

मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका; तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा माझं डोकं अजून ठिकाणावर आहे.

मित्रांनो, जन्म माझा कुठल्याशा कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं तानुबाईने. धाड गावच्या बाजारात भाजी विकणारी ही बाई. नववीतल्या नातीच्या, मयुरीच्या, अभ्यासासाठी तिने मला घेतलं आणि रुमालात गुंडाळून जपलं. "टीव्हीपरीस हे डबडं कामाचं," असं ती चारचौघांत म्हणायची. मी फुगायचो.

मग वर्गातल्या सागरने बाजारात आजीसोबत भाजी विकणाऱ्या मयुरीचा फोटो काढला. "घ्या वांगे" अशी हाक देताना तोंड उघडं, कपाळावर घाम. त्याचं त्याने स्टिकर केलं, खाली 'वांगेवाली' लिहिलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. कोणाचा वाढदिवस असो की परीक्षा, तेच स्टिकर. लाज मला वाटायची, त्या निर्लज्जांना नाही. मयुरीचं जेवण कमी झालं, शाळेत जाणं बंद झालं. बाजारात तर ती तोंडच उघडेना.

"काऊन वं, शाळेत काऊन नाही जाऊन राह्यली?" तानुबाईने विचारलं.

"आजी, वर्गातल्या सागरनं माह्या फोटोचं स्टिकर केलं."

"मंग खरडून टाक ना."

तिच्या लेखी स्टिकर म्हणजे सफरचंदावर चिकटवलेला कागद. तिने मला मांडीवर घेऊन नखाने खरडलं, मग भाजीचा चाकू लावला. माझ्या काचेवर ओरखडा उठला, फोटो तसाच.

"ते सगळ्यायच्या मोबाईलमंधी हाय, आजी," मयुरी म्हणाली.

पुढच्या बाजारी सागरची आई, वंदना, वांगे घ्यायला आली. तानुबाईने पाटी मागे ओढली.

"तुह्या घरी माहं वांगं जाणार नाही. काऊन, ते पोट्ट्याले इचार."

वंदनाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मयुरी म्हणाली, "काकू, सागरले पाठवा. त्यानं मागावं, मी तोलून देते."

सागर आला. ग्रुपवरचा हा वाघ पाटीपुढे उभा राहून स्वतःच्या चपला बघू लागला.

"काय पाह्यजे?" मयुरीने विचारलं.

"वांगे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. आयकू नाही आलं."

सोमवारी ती शाळेत गेली. ते स्टिकर अजून कोणाकोणाकडे आहे, ते मला पुसता येत नाही.

मित्रांनो, मला कव्हर घालता, काच लावता, पडलो तर तुमचा जीव जातो. माणसाच्या लेकराला तेवढं तरी जपा. नसेल जमत, तर माझ्याआड लपू नका. जे म्हणायचं ते तिच्यासमोर उभं राहून म्हणा. बघू, किती आवाज निघतो.