बोटीवरचा खर्च

रविवारी दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या हेमलताबाईंनी लेकीला तिसऱ्यांदा तेच विचारलं. "रोकडा चालत न्हाई म्हंजी काय? च्या प्यायला बी कार्ड?"

"पहिला चहा तिकिटातच असतो गं. वर काही घेतलंस तर कार्ड." उत्कर्षानं मांडीवरचा लॅपटॉप उन्हातून जरा आत सरकवला. "बोटीवर नोट चालतच नाही. खोलीची एक चावी देतात, एटीएम कार्डासारखी. काही घेतलं की ती दाखवायची. शेवटी हिशेब."

"आनि त्यो हिशेब द्यायचा कुनी?"

"तेच तर विचारतायत इथं. क्रेडिट, डेबिट की रोख."

शेजारच्या रंभाबाई शेंगा फोडायला मदतीला येऊन बसल्या होत्या, म्हणजे फोडून खायला. त्या म्हणाल्या, "हेमे, तुजा जावई असता तर त्यानं दिला असता हिशेब."

"जावई असता तर त्योच गेला असता बोटीनं, मला कशाला धाडतोय," हेमलताबाई म्हणाल्या, आणि दोघी खळखळून हसल्या. अडतिशीच्या उत्कर्षाला ही थट्टा पाठ होती. तिनं पुढचं पान उघडलं.

बोटीचं हे वेड भरे गावात आणलं ते भाडेकरूंनी. घरामागच्या पाच खोल्यांत पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणारी पोरं राहायची. त्यांतले साहिल आणि आरोही लग्नानंतर मुंबईहून गोव्याला जहाजानं जाऊन आले आणि आल्यावर घरमालकिणीला मोबाईलवर चित्रफीत दाखवली. अकरा मजली जहाज, वर पोहायचं टाकं, चहूबाजूंनी पाणी. हेमलताबाईंनी ती त्या महिन्यात वीसेक वेळा तरी बघितली असेल. मग एक दिवस लेकीला फोन करून म्हणाल्या, "मला त्या बोटीत बसायचंय." नवरा गेल्यापासूनच्या चौदा वर्षांत त्यांनी लेकीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

"माझं क्रेडिट कार्ड जोडते," उत्कर्षा म्हणाली. "ते सगळ्यात सोपं. तू हवं ते घे, बिल माझ्याकडे येईल, मी पुढच्या महिन्यात भरीन."

"म्हंजी उधारीच की. उधारीवर मी कदी मीठ आनलं न्हाई, आनि समुद्र बघायचा व्हय?"

"मग तुझं डेबिट कार्ड जोडू. पण ते लोक खात्यातले पंचवीस हजार आधीच अडकवून ठेवतात. उतरल्यावर उरलेले सुटायला आठ-दहा दिवस लागतात."

"अडकवून ठेवत्यात? काय गुरं हायत का कोंडवाड्यात घालायला?"

"नाहीतर रोख. चढताना काउंटरवर भरायची आणि शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून उरलेली परत घ्यायची."

"ह्ये बरं हाय. रांगंला काय, रेशनला उभी ऱ्हातीच की मी."

"आई, तिथं लोक मजा करायला येतात. रांगेत उभं राहायला नाही."

हे ती जरा तोडून बोलली. हेमलताबाईंनी एक शेंग फोडली, दाणे रंभाबाईंच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "बरं. त्ये मागनं बघू. आदी तिकीट काढ. माज्या कार्डावर."

तिकिटाचे पैसे आपल्याच कार्डावर, हे त्यांचं ठरलेलं होतं. ते कार्ड बँकेनं चार वर्षांपूर्वी दिलं होतं आणि तेव्हापासून ते पाकिटासकट लुगड्यांच्या घडीखाली होतं. आदल्याच दिवशी माय-लेकी पिरंगुटच्या एटीएममध्ये जाऊन त्याचा पिनचा आकडा ठरवून आल्या होत्या. ०११२. कंपनीला विकलेल्या जमिनीचा गट नंबर. "तेवढाच आकडा मरस्तवर इसरायची न्हाई," असं हेमलताबाईंनी एटीएमच्या दारातून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं.

खोली दोघांचीच मिळत होती. एकटीनं गेलं तरी जवळजवळ दोघांचेच पैसे.

"मंग तू चल की," हेमलताबाई म्हणाल्या. शेंगांकडे बघतच म्हणाल्या. "एक गादी फुकाट जातीया."

"मार्चमध्ये आमच्याकडे ऑडिट असतं गं. सुट्टी नाही मिळत."

हिंजवडीच्या कचेरीत उत्कर्षाच्या नावावर अकरा दिवसांची रजा शिल्लक होती. एकतीस मार्चला ती वाया जाणार होती. त्यातले चार-पाच दिवस बावधनच्या फ्लॅटचं दार लावून वाचत पडायचं, असं तिनं दिवाळीपासून ठरवलं होतं. उशाशी पुस्तकांची चळत साठली होती. पण पुस्तकं हेही निमित्तच. 'तू चल की' ऐकताक्षणी तिला दिसलं ते जहाजावरचं जेवणघर. तिथं आईचा तो चढा आवाज, वाढप्याला 'ह्ये कशाचं हाय ओ?' म्हणून विचारणं, कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलेल्या दोन पुऱ्या, आणि शेजारच्या टेबलावरून वळलेल्या माना. आईची लाज वाटणाऱ्या मुलींबद्दल तिनं पुष्कळ पुस्तकांतून वाचलं होतं. प्रत्येक वेळी तिला त्या मुलींचा राग आला होता.

"न्हाई तर न्हाई," हेमलताबाई म्हणाल्या. "मंग रंभीचं नाव घाल."

"माजं?" रंभाबाईंचा हात शेंगेवरच थांबला. "आगं पर मला..."

"गप बस गं. घाल नाव."

उत्कर्षानं नाव घातलं. खात्री करायचा आकडा हेमलताबाईंच्या फोनवर आला. चष्मा नाकावर ओढून त्यांनी तो एकेक अंक करून असा मोठ्यानं वाचला, की मागच्या खोल्यांतनं कुणीतरी "काकू, लॉटरी लागली का?" म्हणून ओरडलं. "बोट लागली!" हेमलताबाईंनी उलट ओरडून सांगितलं. मिनिटाभरात पैसे गेल्याचा निरोप आला. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि फोन पदराला पुसून बाजूला ठेवला.

संध्याकाळी उत्कर्षा निघाली तेव्हा त्यांनी शेंगदाण्याची पिशवी गाडीत ठेवली. "हितनं सावकाश जा. डंपर लई असत्यात," एवढंच म्हणाल्या. दर वेळेसारखंच.

सोमवारी सकाळी सव्वासातला त्या खोल्यांच्या टाकीची मोटर चालू करायला गेल्या, बटण दाबलं आणि शेजारच्या पायरीवर बसल्या. टाकी भरली, भरून वाहायला लागली, पाणी खोल्यांच्या दारापर्यंत आलं, तेव्हा मोटर कुणी बंद केली नाही म्हणून आरोही बघायला आली.

साहिलचा पहिला फोन आला तेव्हा उत्कर्षा बावधनहून कचेरीला निघत होती. "काकूंना बरं वाटत नाहीये, लवकर या." वीस मिनिटांनी, ती भूगावजवळ डंपरांच्या मागे अडकलेली असताना, दुसरा आला. "ताई, सावकाश या." त्यावरून तिला कळलं.

कचेरीनं दुखवट्याचे तीन दिवस दिले. तेरावा होऊन ती चौदाव्या दिवशी बावधनला परतली. उरलेले अकरा दिवस, मधले शनिवार-रविवार धरून, रजेतून वळते झाले. मोबाईलवर कचेरीच्या पानावर 'शिल्लक रजा' याच्यापुढे शून्य आलं. तिनं पान बंद केलं.

आईचा फोन आता तिच्या पर्समध्ये असायचा. तो ती रोज चार्ज करायची. का, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भाडेकरूंचे फोन येतात, असं ती म्हणाली असती. भाडेकरू तिलाच फोन करत होते. आईच्या फोनवर फक्त जहाज कंपनीचे निरोप यायचे. 'प्रिय हेमलता, समुद्र तुमची वाट पाहतोय! फक्त २४ दिवस.' मग एक दिवस: 'प्रिय हेमलता, जहाजावरील खर्च कसा कराल? आत्ताच निवडा.' खाली तीन चौकोन. क्रेडिट, डेबिट, रोख.

तिनं कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीनं हळहळ व्यक्त केली आणि मग सांगितलं की येत्या शनिवारपर्यंत रद्द केलं तर निम्मे पैसे मिळतील, पण ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर जातील.

"ते कार्ड ज्यांचं होतं त्याच गेल्या," उत्कर्षा म्हणाली.

"हो मॅम, पण नियम तसा आहे. तुमच्या क्रेडिट कार्डावर काढलं असतं तर तुम्हालाच आले असते. आणि त्याच खोलीत दुसऱ्या प्रवासी आहेत, त्यांचं काय? त्यांना यायचं असेल तर बुकिंग चालू ठेवता येईल. त्यांच्याबरोबर दुसरं नाव घालता येईल. त्यांना विचारून सांगाल?"

पिरंगुटच्या बँकेतल्या अधिकाऱ्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि आवाज खाली आणला. मृत्यूचा दाखला जमा केला की खात्यावरचे व्यवहार थांबवावे लागतील, मग बाहेरून येणारे पैसे परत जाण्याची शक्यता. तेव्हा ते आधी येऊ द्यात, दाखला मग आणा. "घाई काही नाही," तो म्हणाला. म्हणजे महिनाभर तरी बँकेच्या लेखी हेमलताबाई असणार होत्या. दाखल्याची घडी उत्कर्षानं पर्सच्या आतल्या कप्प्यात परत ठेवली, फोनच्या शेजारी.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन ती भऱ्याला आली.

रंभाबाई हेमलताबाईंच्याच ओट्यावर बसल्या होत्या. मैत्रीण गेल्यापासून त्या रोज दुपारी तिथं येऊन बसत, दाराला कुलूप असलं तरी. उत्कर्षानं कुलूप काढलं, चहा केला आणि दोन कप घेऊन शेजारी येऊन बसली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली.

"मावशी, बोटीचं विचारायला आलेय. उद्या शेवटचा दिवस आहे. तुम्हाला जायचं असेल तर जा. बरोबर कुणालाही घ्या, सूनबाईला घ्या. पैसे भरलेलेच आहेत."

"मी?" रंभाबाईंनी कप खाली ठेवला. "मी न्हाई बया जायची. मला पान्याचं भ्याव हाय. मी धरनाच्या काठाला बी उभी ऱ्हात न्हाई."

"मग त्या दिवशी हो कशाला म्हणालात?"

"मी कुटं हो म्हनले? मला बोलू दिलं का तुज्या आईनं?" रंभाबाई हसू आल्यासारखं करून थांबल्या. मग उठल्या, आपल्या घरात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुधाची धुतलेली पिशवी होती, वर रबर लावलेलं. "ह्ये घे. रविवारी तू गेल्याव हेमानं आनून दिलं. बोटीवरच्या खर्चाला. घरात ऱ्हायलं तर मोटर दुरुस्तीला जातंय म्हनली."

आत भाड्याच्या नोटा होत्या. शंभराच्या, पन्नासाच्या, काही पाचशेच्या. उत्कर्षानं त्या मोजल्या नाहीत. एवढ्या नोटा दोघींना चार दिवस पुरून उरल्या असत्या, हे बघूनच कळत होतं.

"तू वरडशील म्हनून तुला बोलली न्हाई ती. मी ऱ्हाते रांगंत उभी, म्हनली, हिला कशाला उभी करू."

"कुणाला?"

"तुला. आनि कुनाला?" रंभाबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या. "माजं नाव नुसतं लावायला व्हतं. साहिलनं सांगितलं व्हतं तिला, नाव मागनं बदलता येतंय म्हनून. बोटीच्या आट दिस आदी तुला फोन करनार व्हती. म्हनली, रंभी आजारी पडली म्हनून सांगते, तवा तरी सायेब सोडतोय का बघू पोरीला."

मागच्या खोल्यांत कुणीतरी मोटर चालू केली. पाणी टाकीत पडायला लागल्याचा आवाज आला.

उत्कर्षानं पिशवीचं रबर पुन्हा लावलं. ते नीट बसेना, म्हणून काढून पुन्हा लावलं. आठ दिवस आधी तो फोन आला असता तर आपण काय म्हणालो असतो, हे तिला ठाऊक होतं. दुसरं काहीतरी काम सांगितलं असतं. आईनं तेही मानलं असतं.

"तू वाईट वाटून घिऊ नगंस," रंभाबाई म्हणाल्या आणि मधली जागा कमी करत तिच्याजवळ सरकल्या. "तिला तुजा कायबी राग नव्हता. समद्या आळीत सांगायची, माजी पोरगी लई मोठ्या कामात हाय, तिला सुट्टी घावत न्हाई. घावली असती तर ती आल्याबिगर ऱ्हायली नसती, म्हनायची. आता सुट्टीच न्हाई तर तू तरी काय करशील?"

पर्समध्ये आईचा फोन एकदा थरथरला. ओट्यावर, आई बसायची तिथं, शेंगेचं एक टरफल फटीत अडकून राहिलं होतं. उत्कर्षानं ते नखानं काढलं आणि हातात धरलं.

"मावशी," ती म्हणाली, "सुट्टी होती मला. अकरा दिवस होती. मलाच तिच्याबरोबर जायचं नव्हतं. मला तिची लाज वाटायची."