आठवा खण कुणाचा?

मी ग्रंथालयातली एक जुनी मांडणी आहे, मित्रांनो. अक्रोडाच्या लाकडाची, दारं नसलेली, नुसते खणच खण अंगावर मिरवणारी. एकवीस खण आहेत मला, आणि त्या आकड्यापायीच माझ्या जिवाला घोर लागला आहे.

एका सुताराने मला घडवलं आणि त्याच्या बायकोने घासून घासून चकचकीत केलं. हात फिरवताना ती गुणगुणत असे. तिच्या गाण्याच्या सुरात माझे खण आत-बाहेर करायला शिकले. मग मी एका कॅथलिक धर्मविद्यालयात आले. माझ्या खणांत कार्डं असत. प्रत्येक कार्डावर एका ग्रंथाचं नाव आणि तो कुठल्या फळीवर निजला आहे त्याचा पत्ता.

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात बिशपांच्या मोठमोठ्या परिषदा भरल्या. जिचा निर्णय साऱ्या चर्चने मानायचा, ती सार्वत्रिक परिषद. कॅथलिक अशा एकवीस मानतात, म्हणून मला खण एकवीस, दर परिषदेच्या ग्रंथांना एक. ग्रंथपाल होते चष्मेवाले फादर. ते माझ्याकडे पाहून पाहुण्यांना म्हणायचे, "माझं निम्मं डोकं या बाईसाहेबांच्या पोटात आहे." मी फुलून जायची.

पुढे शेजारच्या ऑर्थोडॉक्स विद्यालयाची इमारत मोडकळीला आली. त्यांचे ग्रंथ आमच्याकडे आले, आणि ग्रंथांमागोमाग दाढीवाले फादरही आले. त्यांच्या चर्चच्या लेखी पक्क्या सार्वत्रिक परिषदा सातच. पहिल्या सात खणांपाशी दोघं भावासारखे उभे राहत. एकाने कार्ड काढावं, दुसऱ्याने वाचावं. आठव्यापाशी आले की दोघांचे आवाज चढत.

"अहो फादर, तुम्हाला थांबायचं कुठे तेच कळत नाही," दाढीवाले म्हणायचे. "एकवीस म्हणे."

"आणि तुम्ही सातावरच दम खाल्लात," चष्मेवाले म्हणायचे. "हजार-बाराशे वर्षं बसूनच आहात."

आठव्याची गोष्ट अशी. कॉन्स्टँटिनोपल शहरात एक परिषद भरली आणि तिने तिथल्या धर्मप्रमुखाला पदावरून काढलं. दहा वर्षांनी त्याच शहरात दुसरी भरली. तिने त्याला मान दिला आणि आधीची परिषद रद्द ठरवली. कॅथलिक आठवी म्हणतात ती पहिलीला. ऑर्थोडॉक्सांत काहीजण म्हणतात, आठवी म्हणायचीच तर दुसरीला म्हणा. माझ्या एका खणावर दोन चिठ्ठ्या. सकाळी एकाने चिकटवावी, दुपारी दुसऱ्याने तिच्यावर आपली डकवावी. डिंकाचा थर एवढा वाढला की खण पुरता बंदच होईना.

झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दोन सवतींनी एकाच खुंटीवर लुगडं वाळत घालावं, तसं चाललंय तुमचं." दोघंही हसले. चिठ्ठी मात्र कुणी काढली नाही.

अशात कुणीतरी एक जुनं हस्तलिखित भेट दिलं. त्या दुसऱ्या परिषदेच्या कामकाजाची नक्कल होती ती. शेवटी हजर असलेल्यांच्या नावांची यादी, आणि कडेला बारीक अक्षरात टिपणं. आमच्याकडे नियम होता, खणाचा आकडा तोच फळीचा आकडा. खण ठरल्याशिवाय फळी नाही.

"आठव्यात घाला," दाढीवाले म्हणाले.

"आठव्यात तिची जागा नाही. बाजूच्या 'इतर' लिहिलेल्या खोक्यात घाला."

"इतर? ही इतर?"

शेवटी कार्ड माझ्या डोक्यावरच्या पत्र्याच्या डब्यात गेलं. डब्यावर लिहिलं, 'ठरेपर्यंत'. आणि बाड गेलं मागच्या खोलीत, जमिनीवर, नळाच्या पाइपाखाली. तेही ठरेपर्यंतच.

अकरा वर्षं, मित्रांनो. अकरा वर्षं तो डबा मी डोक्यावर वागवला. पाइपातून थेंब पडायचा तो मला ऐकू यायचा. मी करकरायची. चष्मेवाले म्हणायचे, लाकूड जुनं झालं. दाढीवाले तेल घालायचे. आग पायात आणि लेप कपाळाला.

मग ती मुलगी आली. त्या एका परिषदेवर पाच वर्षं अभ्यास करत होती. तिच्या गुरूंनी सांगितलं होतं, ही नक्कल पाहा, कडेची टिपणं अजून कुणी वाचलेली नाहीत. तिने आठवा खण उघडला, 'इतर'चं खोकं उघडलं, हात हलवत परतली.

"फादर, कार्डच नाही."

"यांना विचारा," चष्मेवाले म्हणाले.

"यांनाच विचारा," दाढीवाले म्हणाले.

मावशींनी हातातलं फडकं ठेवलं, स्टुलावर चढल्या आणि डबा खाली काढला. "पोरीला कशाला नाचवताय? हे घ्या तुमचं कार्ड."

मागच्या खोलीतून बाड आलं तेव्हा ते बाड राहिलंच नव्हतं. ओल्या पानांची एक वीट झाली होती. मुलीने कड सोडवून पाहिली. यादीच्या जागी निळसर ओघळ. कडेची टिपणं कागदासकट गळून हातात आली.

"ती कितवी होती याचं मला काही नव्हतं, फादर," ती हळूच म्हणाली. "तिथे कोण होतं आणि काय बोलले, एवढंच वाचायचं होतं."

दोघंही तिच्याकडे बघू शकले नाहीत. चष्मेवाल्यांनी टिपकागद आणला, दाढीवाल्यांनी पातळ सुरी. रोज एकदोन पानं सुटतात. दोनशेतली एकोणचाळीस हाती लागली आहेत, त्यांतली वाचता येतील अशी नऊ. ती नऊ तिने उतरवून घेतली आणि ती गेली. पुढचं काही सुटलं तर कळवू, असं दोघांनीही तिला वेगवेगळं सांगितलं.

मला वादाचा राग नाही, मित्रांनो. सात की एकवीस, हा प्रश्न लहान नाही. त्यासाठी माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. मला राग आहे तो त्या जमिनीवर ठेवण्याचा. तुमच्याही हाती एखादं जुनं पान येईल आणि ते कुणाचं यावर भांडण जुंपेल. खुशाल भांडा, दिवसभर भांडा. पण भांडायला बसण्याआधी ते उचलून कोरड्या फळीवर ठेवा. फळीला आकडा नसला तरी चालेल.