काळ्या कापडाखालचं इंधन

माणसाने आधी आग शोधली, मग चाक शोधलं, आणि या दोन्हींत राहून गेलेली कसर भरून काढायला बाईंनी पिवळी पावडर शोधली. हे मत खुद्द बाईंचं होतं आणि त्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ही क्रांती सध्या कॉफीच्या रिकाम्या बरणीत राहत होती. बरणीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी होती आणि तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने 'मग चमचा चालेल का?' असं विचारून ठेवलं होतं.

पावडरीचं काम साधं. ती पाण्यात टाकायची, त्यात धुराड्यातून निघतो तो कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि वर दिवा लावायचा. उजेडाच्या जोरावर पावडर त्याचं मेथनॉल करते, म्हणजे चक्क इंधन. आज अकराला पैसे देणारी समिती येणार होती. तिला पटलं तर प्रयोगशाळा आणखी तीन वर्षं चालणार, नाहीतर दाराला कुलूप.

"न पटायला काय झालंय?" म्हणत बाईंनी सकाळी आठलाच उलटा प्रयोग लावला. भांड्याभोवती काळं कापड, दिवा बंद. अंधारात पावडर झोपते, तेव्हा मेथनॉल मोजणाऱ्या यंत्राने शून्य दाखवायचं असतं.

यंत्राने भरघोस मेथनॉल दाखवलं. उजेडात कधी आलं नव्हतं एवढं.

बाईंनी आकडा दोनदा तपासला. पंधरा महिन्यांची मेहनत! पावडर काही करतच नव्हती की काय?

"मामा!"

मामा तीस वर्षं इथली काचभांडी धूत होते. हात पुसत आले.

"भांडं कशाने धुतलंत?"

"आज पाहुणे ना, बाई. पाण्याचे डाग राहतात मेले. म्हणून शेवटचा हात कपाटातल्या बाटलीने फिरवला. बघा, तोंड दिसतंय त्यात!"

बाटलीवर ठळक लिहिलं होतं: मेथनॉल.

"आणि एरवी?"

"एरवी नुसतं पाणी, मग भट्टीत. रोजच्याला कोण एवढे लाड करतंय?"

बाईंच्या जिवात जीव आला. बाटली त्यांनी कपाटात कोंडली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "मामा, हात सोन्याचे आहेत तुमचे. डोकं तेवढं..."

"तुमच्याच हाताखाली घडलंय, बाई."

समिती आली. बाईंनी आधी सकाळचा गोंधळ सांगितला, आकडे दाखवले, मग मामांना दाखवलं. मामांनी नमस्कार केला. भांडं पाण्याने धुवून, भट्टीत तापवून पुन्हा प्रयोग लावला. काळं कापड असताना शून्य. कापड काढून दिवा लावला आणि तासाभराने यंत्राच्या कागदावर डास चावल्यासारखी गाठ उमटली.

"किती झालं?" अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"थेंबाचा शंभरावा हिस्सा. पण पावडरीचा स्वतःचा."

अध्यक्षांनी गाठीवर बोट ठेवलं. "या आठवड्यात तिघांनी आम्हाला वाटीवाटीने इंधन दाखवलं. काळं कापड एकाकडेही नव्हतं." आणि त्यांनी तीन वर्षांवर सही ठोकली.

बाई उभ्या राहिल्या. "लिहून ठेवा, उद्याचं जग उजेडावर धावेल! कुणाला काही विचारायचंय?"

मागून मामांचा हात वर झाला.

"बाई, ती बाटली तेवढी परत द्या. खिडकीच्या काचा राहिल्यात."