पुलाच्या उतारावर

गाडी सरळ बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या गाडीला चार माणसं धक्का मारतात, गॅरेजवाला बॉनेट उघडतो, काय ते कळतं आणि विषय मिटतो. पण पंढरी पाटलाची ही पांढरी बया तशी नव्हती. तिचं इंजिन चालू असायचं, नुसतं चालू नाही, बोंबलत असायचं, आणि गाडी मात्र पुढं जायची नाही. तेही रोज नाही. आठवडाभर शहाण्या मुलीसारखी वागायची आणि मग एके दिवशी भर रस्त्यात अंग टाकायची.

त्या सोमवारी खारबावहून भिवंडीला जाताना रेल्वेचा पूल उतरल्या-उतरल्या तिनं तेच केलं. पंढरीनं पाय दाबला, इंजिन कोकललं, आणि गाडी वेग घ्यायचा सोडून रडत रडत थांबायला लागली. मागच्या सीटवर त्याची बायको हौसा होती, आणि तिला टेकून शाळेच्या गणवेशात सात वर्षांची नात, दिशा. मागून कंटेनर येत होता. त्यानं असा हॉर्न दिला की दिशानं दोन्ही कान दाबून धरले. हौसानं वळून बघितलं तर मागच्या काचेत कंटेनरचं तोंडही मावत नव्हतं, नुसती जाळी दिसत होती. "आई गावदेवी!" म्हणून तिनं पोरीला पोटाशी ओढलं. ब्रेक करकरले, आणि कंटेनर कसाबसा बाजूनं निघून गेला. जाताना त्या ड्रायव्हरनं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पंढरीनं गाडी कडेला लोटत नेली. गिअरची दांडी पार्किंगला टाकली, चावी फिरवून बंद केली, परत चालू केली, दांडी खाली ओढली, आणि गाडी अशी निघाली की जसं काही झालंच नाही.

"बघ, बघ, आता कशी चालते हरामखोर!" पंढरी म्हणाला. त्यानं स्टिअरिंगवर एक थाप मारली.

संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. दिशानं बापाला, भावेशला सगळं सांगितलं, हॉर्नसकट. भावेश ताटावरच भडकला.

"बाबा, गॅरेजमध्ये मनोजला किती वेळा दाखवली? तो बोलतो गाडीत काय न्हाय."

"गाडीत न्हाय, मग काय माझ्यात हाय?"

सून उन्नती पातेलं उचलून आत गेली. भावेश बोटानं ताटात रेघा ओढत राहिला. कोणीतरी "नाही हो बाबा" म्हणायला हवं होतं. कोणीच म्हणालं नाही, आणि पंढरीचा चेहरा असा उतरला की हौसानं ताट बाजूला सारलं.

शेवटी भावेशनं निकाल दिला. उद्यापासून दिशा शाळेच्या व्हॅननं जाईल. गाडीतला दोष सापडला आणि दुरुस्त झाला तर पोर परत आज्याबरोबर. नाही सापडला तर गाडी विकायची, आणि बाबांनी आता घरी आराम करायचा.

आराम! हौसाला तो आराम चांगला माहीत होता. पंढरीनं उभी हयात कापडाचे तागे टेम्पोत भरून भिवंडीतून गावोगाव पोचवले. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, तसा टेम्पो सोडला आणि माणूस ओट्यावर बसला. बसला म्हणजे बसलाच. दाढी करेना, कोणाशी बोलेना, जेवण समोर आलं की जेवायचा. मग कोणीतरी सांगितलं की ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, डाव्या पायाला कामच नाही. ही जुनीपुराणी गाडी दारात आली आणि पंढरी परत माणसात आला. सकाळी आंघोळ करून, केस विंचरून दिशाला हाक मारायचा, "चला मॅडम, ड्युटीची वेळ झाली." हौसाही बाजाराच्या निमित्तानं कधी कधी मागं बसून जायची. त्या माणसाला परत ओट्यावर बसवायचं? आणि डोळे मिटले की कंटेनरची ती जाळी. एकीकडे नवरा, एकीकडे नात. कोणाच्या बाजूनं देवाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी पंढरी हौसालाही घेऊन अंजूरफाट्याला मनोजच्या गॅरेजवर गेला. मनोज हा भावेशच्या वर्गातला, ऑटोमॅटिक गाड्यांचं काम शिकलेला. त्यानं आतापर्यंत काय केलं नव्हतं? गिअरबॉक्सचं तेल बघितलं होतं, लालभडक, जळल्याचा वास नाही. कॉम्प्युटर लावला होता, त्यात काही निघालं नाही. वायरी हलवून बघितल्या, दांडीखालचा स्विचही बदलून झाला. गाडी गरम करून, थंड करून, एसी लावून, तोच पूल स्वतः चढून-उतरून बघितला होता.

"शेठ, माझ्या हातात ती नव्या नवरीसारखी वागते," मनोज म्हणाला. "मी काय करू?"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं न्हाय हो." मनोजनं हात पुसले आणि हौसाकडं बघितलं. "काकी, तुम्ही आता पुढं बसत जा. मागं न्हाय."

"मी? पुढं? अरे, नवऱ्याच्या बाजूला मिरवत बसू आता या वयात? गावात काय बोलतील!"

"बोलू दे. मला दोन डोळे पाहिजेत." त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलंच आणि मीटरमधलं एक अक्षर दाखवलं. "हे बघा, पोट सुटलेलं अक्षर, हे डी. हे असलं की इंजिन चाकाला ओढतं. आणि हे बघा, दोन उभ्या काठ्या, मधे एक तिरकी, हे एन. म्हणजे न्यूट्रल. ह्यात गाडी मोकळी, तुम्ही कितीपण पाय दाबा, इंजिन नुसतं ओरडणार. गाडी बोंबलली की त्याच घडीला कुठलं अक्षर हाय तेवढं बघायचं. डी असताना बोंबलली तर गिअरबॉक्स आतून गेला. मी तो खाली उतरवतो, खोलतो. आणि एन दिसलं तर..." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "तर मग बघू."

झालं. हौसा पदर सावरून पुढं बसायला लागली. गावातल्या बायांनी डोळे मिचकावायचे ते मिचकावले. पण गाडी बोंबलेल तर शपथ! पंढरी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंडातून शब्द नाही. पूल गेला की चिडून म्हणायचा, "आता होत न्हाय बघ. तुला बघून लाजते काय?" अहो, गाडी बिघडावी म्हणून हा माणूस देवाला हात जोडत होता, आणि खरं सांगायचं तर हौसाही जोडत होती. दोष गाडीत निघू दे, बाई. कितीही मोठा निघू दे, पण गाडीत निघू दे.

रविवारी दोघं शेलारला निघाली, लेकीकडं, पूर्वाकडं. पिशवीत तिच्यासाठी सुकट होती. त्या दिवशी पंढरीचा मूड चांगला होता. पूर्वा लहानपणी टेम्पोत बसायचा हट्ट कशी करायची, तागे भरलेले असताना त्यांच्यावर चढून झोपायची, आणि एकदा दुकानदारानं तागे उतरवले तर आत ही घोरत पडलेली, हे सांगता सांगता तो स्वतःच खो खो हसला. हौसाही हसली. पण डोळे मीटरवर होते, सवयीनं.

पुलाचा माथा आला. पंढरी बोलतच होता, "आन् तो दुकानदार बोलतो, शेठ, हा माल आमी मागवला न्हाय..." आणि त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून उतरला, दांडीवर गेला, एक हलका धक्का दिला, आणि परत जागेवर आला. पोटवालं अक्षर गेलं. दोन काठ्या आल्या. इंजिनचा आवाज बसला आणि खाडीत होडी सुटावी तशी गाडी उताराला लागली.

हौसानं त्याच्याकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघून हसत होता. त्याला पत्ताच नव्हता.

तिला मात्र एका क्षणात सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं. टेम्पोवर असताना उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, हा त्याचा नेम. उतार संपला की क्लच दाबून हात परत गिअर टाकायचा; इथं दाबायला क्लचच नव्हता, म्हणून हात परत जायचा नाही. मालक डिझेल मोजून द्यायचा, उतारावर जे वाचेल ते ड्रायव्हरचं. भावेशची शाळा त्या वाचलेल्या डिझेलवर झाली, पूर्वाचे पैंजणही त्यावरच आले. हा हात घर चालवत आला होता, आणि टेम्पो केव्हाच सुटला हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

उतार संपला. पंढरीनं पाय दाबला. इंजिन कोकललं.

"झालं! झालं बघ!" तो आनंदानं ओरडला. मागून रिक्षावाला शिव्या देत होता, पण पंढरीला त्याचं काय! गाडी कडेला लावून त्यानं हौसाचा दंड धरला. "बघितलंस ना? तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना? आता बोल म्हणावं भावेशला!"

"अवो, आधी पूर्वाकडं जाऊ..."

"पूर्वाकडं मागनं. चल मनोजकडं!"

भिवंडीत सुट्टी शुक्रवारची, त्यामुळं गॅरेज रविवारीही उघडं होतं. पंढरी लंगडत पण तरातरा आत गेला. भावेशला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "ऐक, तुझी आई सांगते. हौसे, सांग. कुठलं अक्षर व्हतं?"

मनोज तिच्याकडं बघत उभा होता. त्या बघण्यात असं काही होतं की हौसा समजली, ह्याला आधीपासून संशय होता. त्याला ते स्वतःच्या तोंडानं सांगवलं नव्हतं, म्हणून तिला पुढं बसवलं होतं. तिला त्याचा राग आला. एक शब्द पुरे होता, डी. मनोज गिअरबॉक्स खोलेल, काहीतरी बदलेल, नवरा ओट्यावर बसणार नाही. आणि सोमवारी सकाळी दिशा मागच्या सीटवर असेल.

"एन," ती म्हणाली. "दोन काठ्या. तुमच्याच हातानं झालं ते. दांडी तुम्ही ढकलली, उतार लागला तेव्हा. टेम्पोत करायचात तशी."

पंढरी एक पाऊल मागं सरकला. मग म्हणाला, "पोरानं शिकवलं तुला?"

"न्हाय हो."

"पोरानंच शिकवलं! गाडी विकायची हाय ना सगळ्यांना? इतकी वर्षं स्टिअरिंग धरलं मी, मना माझा हात कळत न्हाय?"

फोनमधून भावेश "बाबा, बाबा" करत होता. पंढरीनं फोन कापला. "शेठ, मी चालवतो, तुम्ही बसा," असं मनोज म्हणत होता, तेही त्यानं ऐकलं नाही. हौसा धावत जाऊन पुढं बसली. शेलार राहिलं, गाडी खारबावच्या रस्त्याला लागली.

हौसाला रडू येत होतं. खोटं बोलले असते तर निदान घरी जाऊन जेवला तरी असता, असं तिला वाटत होतं. गोदामं मागं पडली, पुलाचा चढ लागला. पंढरीचे डोळे रस्त्यावर होते, पण मन कुठं होतं ते तिला माहीत होतं. बायकोनं चारचौघांत दगा दिला, तेच तो चघळत होता.

माथा गेला. डावा हात स्टिअरिंगवरून उतरला.

हौसा ओरडली नाही. हात दांडीवर पोचला, धक्का दिला, आणि तेवढ्यात तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि तिथंच दाबून धरला. पंढरी दचकला. त्यानं खाली बघितलं. बायकोचा हात, त्याखाली स्वतःचा हात, त्याखाली दांडी. मीटरमध्ये दोन काठ्या.

उतार संपेपर्यंत गाडी आपोआप सरकत राहिली. त्यानं पाय दाबला नाही. तिला कडेच्या मातीत जाऊ दिलं आणि ब्रेक लावला. कंटेनर बाजूनं धडाधड जात होते, गाडी प्रत्येक वेळी हलत होती.

"आता कळलं ना," हौसा घाईघाईनं म्हणाली. "आता ध्यान ठेवलं की झालं. मी बसंन ना बाजूला."

"ध्यान कसं ठेवू?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याचंच तिला भय वाटलं. "आता ह्या घडीला मना ठाऊक व्हतं. तू सांगितलं व्हतंस. तरी गेला तो. मना न विचारता गेला."

त्यानं तो हात उताणा करून मांडीवर ठेवला आणि बघत बसला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"दिशा मागं बसलेली व्हती गं," तो म्हणाला. "दिशा मागं बसलेली व्हती."

त्यानं चावी काढून तिच्या ओटीत टाकली, फोन घेतला आणि उजव्या हातानं भावेशचा नंबर शोधायला लागला. भावेशनं उचलल्यावर तो एवढंच बोलला, "पूल उतरतो तिथं ये. आम्हाला घरी ने."