गुरुवारच्या कुरडया

आमच्या वाडीत कुरडया घालायचा मुहूर्त भटजी काढत न्हाई, फॅक्टरीचा वॉचमन काढतो. त्यो वॉचमन म्हंजे आमचेच मालक, गेनू. नाव घेतलं म्हणून हसू नका, तीस वर्सं झाली लग्नाला, आता कसली लाज!

सारोळ्याच्या अलीकडं, हायवेच्या वरच्या अंगाला आमची वाडी आन् खाली फॅक्टरी. तिच्या चिमणीतनं आंबूस धूर येतो आन् बारीक काळी भुकटी पडती. वाळत घातलेल्या लुगड्यावर, शेरडांच्या पाठीवर, पिठाच्या परातीत सुदिक. धूर धुवायचं यंत्र हाय त्यांच्याकडं, न्हाई असं न्हाई. पण त्याचं लाईटबिल लई येतं म्हणं. म्हणून पुण्याच्या प्रदूषणवाल्या म्याडम तपासणीला येतील त्याच दिवशी ते चालू करत्यात. त्या दिवशी करवंदीच्या फुलांचा वास येतो बगा! मग सगळी वाडी त्याच दिवशी वाळवणं उरकती.

औंदा माझ्या सोनियाचं लग्न. विहीणबाई सारजाबाई, मार्गासनीच्या. साखरपुड्याला माझ्या लाडवातला करपलेला बेदाणा त्यांनी बोटानं काढला आन् ताटाच्या कडंला ठिवला. बोलल्या एक शब्द न्हाईत. असल्या बाईपुढं रुखवतात काळ्या कुरडया मांडल्या तर ती माझ्या लेकीला जलमभर ऐकवल. आन् पयला घाणा तसाच गेलेला. म्याडमचा दौरा ऐनवेळी रद्द झाला आन् माझ्या कुरडयांवर तीळ पेरल्यागत काळं. शेरडांनी खाल्ल्या त्या.

लग्न आठ दिवसांवर आलं. रविवारी सांजच्याला हे घरी आले आन् चपला काढायच्या आत म्हणाले, "गुरुवारी म्याडम." म्या सोमवारी सकाळीच गहू भिजत घातलं.

गुरुवारी हवा निर्मळ. म्या चीक शिजवला, शेजारच्या ठकुबाईनं सोऱ्या दाबला आन् दोन बाजांवर पांढऱ्याफेक कुरडया झाल्या. दुपारी म्याडम हवा मोजायची पेटी घेऊन वाडीत आल्या. तरणी पोर, उन्हानं लालबुंद झालेली. पाणी प्याल्या आन् बाजंकडं बघून म्हणाल्या, "किती पांढऱ्या! माझी आईपण घालते. तीन दिवस गहू भिजवते ती. तुम्ही?"

"आमी बी तीनच."

"म्हणजे सोमवारी भिजवलेत?"

"व्हय की."

म्याडमनी तांब्या खाली ठिवला. वाडीभर नजर फिरवली. दारादारात बाज, बाजंबाजंवर कुरडया. "मावशी, मी इथं येणार हे मला स्वतःला काल संध्याकाळी कळलं."

आता गं बया! ठकुबाईनं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"कोण सांगतं तुम्हाला?"

"देव सांगतो," म्या म्हणलं.

"देव खाकी कपडे घालतो का हो?" म्याडम हसल्या, पण नाव काय लिवलं न्हाई. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "मी गेल्यावर काय होतं?"

"तुमची गाडी शिवऱ्याला पोचायच्या आत यंत्र बंद हुतं. मग आमी बाजा उचलतो. निम्म्या वाळलेल्या असत्यात, बाकीच्या घरात पंख्याखाली."

"आज उचलू नका. मी आत्ता फोटो काढते, शिवऱ्यात चहा पिते आणि परत येते. माझ्या आकड्यांना कंपनीचे वकील खोटं ठरवतात. पण दोनला पांढरी असलेली कुरडई चारला काळी झाली, तर तिला खोटं कसं ठरवतील?"

म्या भडकलेच. "तुमचं काय जातंय वो? माझ्या पोरीचं रुखवत हाय ते! आता तिसरा घाणा घालायला दिवस कुठं हाईत?"

म्याडमलाबी वाईट वाटलं आसंल. तवर सोनिया दारातनं म्हणाली, "आई, राहू दे बाजा. मी चालले मार्गासनीला. हितं खोकत तूच बसणार हाईस."

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आन् खोकलाच आला मेला. बाजा तशाच सोडून म्या उंबऱ्यावर बसले.

म्याडमची गाडी गेली. वीस मिनिटांत चिमणीनं तोंड सोडलं. भुकटी पडाय लागली तसं माझं हात शिवशिवत हुतं. सोनियानं माझा पदर घट धरून ठिवला. पांढऱ्या कुरडया डोळ्यादेखत काळवंडल्या आन् म्या रडले, खोटं कशाला सांगू!

सरकारी गाडी दिसली की वॉचमननं आत फोन करायचा, मग गाडी फाटकावर अडवून पाहुण्यांना सुरक्षेचा पिक्चर दाखवायचा, असा कंपनीचा नियम. पिक्चर सरंस्तोवर यंत्र चालू हुतं. पण त्या दिवशी म्याडम परत आल्या तवा नेमकी ह्यांच्या मोबाईलची ब्याटरी संपली आन् पिक्चरवाल्या खोलीची चावी हरवली. सकाळी मोबाईल पुरता चार्ज करून गेले हुते, म्या सवता बघितलं. बंद यंत्राचा फोटो काढूनच म्याडम वर वाडीत आल्या.

पंचनामा झाला. कुरडया पिशवीत घालून लाखेनं मोहोर केली, ठकुबाईनं अंगठा उठवला. आठवड्यात फॅक्टरीला नोटीस लागली. यंत्र रोज चालतंय सध्या, पुढचं देव जाणे.

लग्नात म्या कुरडयांचं ताट रिकामंच मांडलं आन् वर रुमाल झाकला. सारजाबाईंनी बरोबर त्योच रुमाल उचलला. "कुरडया?"

"सरकारी कपाटात हाईत," म्या म्हणलं आन् एका दमात सगळं सांगून टाकलं. आता काय बोलत्यात ते बोलू देत, म्हणून मान खाली घातली.

सारजाबाईंनी रुमालाची घडी घालून माझ्या हातात दिली. लाडू, करंज्या बाजूला सारल्या आन् ते रिकामं ताट मधोमध ठिवलं.

"हे हितंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "सून काय घिऊन आली ते मीच सांगते लोकांना."