लाल दोऱ्याचा बर्फ

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. इतकी थंड, की सोडलेला श्वास पापण्यांवर गोठावा. मांडण्यांवर लांब लांब नळकांडी, आणि प्रत्येकात हिमनदीतून काढलेला बर्फ. बर्फात बुडबुडे, बुडबुड्यांत हजारो वर्षांपूर्वीची हवा. मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या हवामान संशोधन केंद्रात अशी खोली होती.

केंद्राची एक रीत होती. बर्फ कापताना जे तुकडे उरत, ते वर्धापनदिनी सरबतात टाकायचे. वितळताना जुनी हवा तडतडत बाहेर पडे, आणि सगळे गप्प राहून ऐकत.

पन्नासाव्या वर्धापनदिनी संचालक सिग्ने हालवर्सनची नुसती धांदल उडाली. पाहुणे येऊन बसलेले, आणि केंद्राच्या इतिहासावर बोलायचं होतं तिलाच. नऊ वर्षांच्या ब्रीताला, आपल्या मुलीला, घेऊन ती थंड खोलीत शिरली. चष्म्यावर श्वास गोठला. तशीच चाचपडत तिने उरलेल्या तुकड्यांचं म्हणून खालच्या मांडणीवरचं नळकांडं ओढलं आणि बर्फ फोडला. त्यावरून गळून पडलेला लाल दोरा ब्रीताने मनगटाला गुंडाळला.

भाषण झालं. "या केंद्राने पन्नास वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही," या वाक्याला भरपूर टाळ्या पडल्या. मग ग्लास तडतडू लागले.

केंद्राचे संस्थापक, नव्वदीचे ऑर्विल टेटम, ग्लासाला कान लावून बसले होते. "काय बोलतोय हा बर्फ! सिग्ने, उरल्यासुरल्या तुकड्यांना एवढा आवाज नसतो गं."

"सर, तुमचं कानातलं यंत्र नवीन आहे," शेजारचा म्हणाला. हशा पिकला.

"हसा लेको! मला माझा पहिला बर्फ आठवला. ती हिमनदी आता उरली नाही. एकच तुकडा राहिलाय तिचा. कुणी करवत लावू नये म्हणून मी त्याला लाल दोरा बांधलाय."

सिग्नेची नजर ब्रीताच्या मनगटावरच्या लाल दोऱ्यावर गेली. खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "उरलेलाच आहे, सर. नेहमीचा."

म्हाताऱ्याने विश्वासाने मान डोलावली. त्या मान डोलावण्यानेच सिग्नेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हा दोरा..." ब्रीता कुजबुजली.

"नंतर!" सिग्नेने तिची बाही ओढून दोरा झाकला. आपल्याच हाताने काय केलं हे उमगलं, तेव्हा तिचे कान तापले. लेकीकडे बघवेना, टेटमसरांकडेही बघवेना.

ग्लास अजून तडतडत होते.

ब्रीताने बाही वर सारली. सरबताचा रिकामा वाडगा उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा बर्फ फोडायचा नव्हता. उरलाय तेवढा परत द्या."

मग वाडगा आईसमोर धरून ती उभी राहिली. "आधी तुझा."