सगळीकडे एकच लोगो

कंपनीच्या अंतर्गत वेबसाइटवर प्रत्येक विभागानं आपापल्या पानावर मन मानेल तसा लोगो टांगला होता. कुणाचा जुनाट, कुणाचा ताणून काकडीसारखा केलेला. ते बघून वेबसाइट सांभाळणाऱ्या मॅडमच्या डोक्यात तिडीक जायची. शेवटी त्यांनी फर्मान काढलं : फाइलचं नाव सगळ्यांनी ‘लोगो’च ठेवायचं आणि जुन्या प्रती पुसून टाकायच्या. मग आज सकाळी एका बटणासरशी त्यांनी सगळीकडे ‘लोगो’ नावाच्या प्रत्येक फाइलच्या जागी नवा लोगो चढवला. साहेब खूश. मॅडमनाही हायसं वाटलं.

तेवढ्यात गोदामातून फोन आला.

“मॅडम, लोगो झकास आहे हो. पण आमचे काका कुठे गेले?”

“कोण काका?”

“आमचे गोदामप्रमुख, गेल्या महिन्यात वारले ते. लोगोच्या जागी त्यांचा फोटो लावला होता आम्ही. फाइलचं नाव मात्र तुम्ही सांगितलंत तेच ठेवलं हं!”

मॅडमनी घाईघाईनं विचारलं, “दुसरीकडे असेल ना तो फोटो?”

“छे हो. काका कधी फोटोला उभेच राहायचे नाहीत, तो एकच मिळाला होता. आणि जुन्या प्रती तुम्हीच पुसायला लावल्यात. दुपारपर्यंत लावाल ना परत? काकू बघायला येणार आहेत.”